सुट्या भागांचं जहाज

दरवर्षी ४ डिसेंबरला नौदल दिन येतो आणि १९७१ च्या त्या रात्रीची गोष्ट पुन्हा सांगितली जाते. निपात, निर्घात आणि वीर या तीन क्षेपणास्त्र नौका कराचीवर चालून गेल्या, पाकिस्तानची खैबर बुडाली, बब्रू भान यादव यांच्या हाताखालची माणसं सुखरूप परतली. किल्टन आणि कच्छल या सोबतच्या दोन नौकांची नावंही पुष्कळांना ठाऊक असतात. त्या ताफ्यात आणखी एक जहाज होतं, पोषक नावाचं. ते तेलाचं जहाज होतं. क्षेपणास्त्र नौका लहान आणि वेगवान, पण त्यांच्या टाकीचा पल्ला बेताचा. परतीच्या वाटेवर तेल मिळेल या भरवशावरच त्यांना एवढ्या लांब धाडता आलं. शाळेतल्या भाषणांत मी हे नाव कधी ऐकलं नाही. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतही ते क्वचितच दिसतं.

मला त्याचं वाईट वाटतं, आणि त्यामागे माझ्या धंद्याचं कारण आहे. मी चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत टर्निंग आणि ग्राइंडिंगचं वर्कशॉप चालवतो. समुद्र इथून रात्रभराच्या रेल्वेवर. आमच्याकडे येतात ते झिजलेले भाग: पंपाच्या शाफ्ट, स्लीव्ह, बुश, गिअरच्या पिना. तुटलेल्या वस्तूवर पोट असलेला माणूस यंत्राकडे वेगळ्या नजरेनं बघतो. नवं यंत्र बघून लोकांचे डोळे दिपतात, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो याचा स्पेअर कुठे मिळेल हा.

नौदलाच्या पुरवठा जहाजाचा जन्मच या प्रश्नासाठी असतो. भर समुद्रात तेल द्यायची रीत अशी. पुरवठा जहाज एक दिशा आणि एक वेग धरून चालत राहतं, ताशी साधारण बारा ते पंधरा सागरी मैल. तेल घेणारी युद्धनौका मागून येते आणि बगलेला लागते, दोघींत चाळीस-पन्नास मीटरांचं पाणी ठेवून. मग बंदुकीनं एक बारीक दोरी पलीकडे फेकली जाते. तिला बांधून जाड दोर जातो, त्यामागून पोलादी तार, आणि त्या तारेला लटकत तेलाचा जाडजूड होज. अंतर कळावं म्हणून रंगीत निशाणं लावलेली आणखी एक दोरी दोन्ही जहाजांमध्ये ताणून धरतात. दोन मोठी जहाजं इतक्या जवळून चालली की मधल्या पाण्याचा दाब उतरतो आणि ती एकमेकींकडे ओढली जाऊ लागतात, म्हणून सुकाणूवरच्या माणसाला पापणी लवायची सोय नाही. हे तासन्‌तास चालतं, अंधारातही चालतं. पलीकडच्या तारेवरून पिठाची पोती जातात, भाजी, औषधं, टपाल, दारूगोळा आणि सुटे भागही. इटलीच्या फिंकांतिएरी कंपनीनं बांधलेलं आणि २०११ च्या जानेवारीत नौदलात आलेलं आजचं दीपक १७५ मीटर लांब आहे. सगळा भार धरून त्याचं वजन २७,५०० टन भरतं, तासाला १,५०० टन तेल ते देऊ शकतं आणि एकाच वेळी चार जहाजांना पुरवठा करू शकतं. २०१३-१४ च्या हिवाळ्यात विमानवाहू विक्रमादित्य रशियातून कारवारला आली, तेव्हा तिच्यासोबत चालत आलेल्यांत हेच दीपक होतं. फोटो अर्थात विक्रमादित्यचे छापून आले.

या जहाजांशी माझा संबंध आला धाकट्या मामामुळे. तो पैठण तालुक्यातला. पाण्याचा अनुभव काय तो गोदावरीचा. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत तो इंजिनांचं काम शिकला. नौदलाची ही शाळा १९४५ पासून डोंगरात आहे, तिथून समुद्र दिसत नाही. पुढे त्याला जुन्या शक्तीवर पाठवलं. आजची शक्ती २०११ च्या ऑक्टोबरातली. मी सांगतो ती तिच्या आधीची, १९७६ साली जर्मनीतल्या ब्रेमनमधल्या ब्रेमर वुल्कान गोदीतून आलेली. तिची थोरली बहीण, जुनं दीपक, त्याच गोदीत बांधलं जाऊन १९६७ साली आलं होतं. दोन्ही वाफेवर चालणारी. एकच टर्बाइन, साडेसोळा हजार अश्वशक्तीचं, आणि एकच शाफ्ट.

एकच शाफ्ट म्हणजे काय, ते आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळतं. मोठ्या लढाऊ जहाजाला बहुधा दोन शाफ्ट असतात, एक निकामी झाली तरी दुसरीवर ते घर गाठतं. पुरवठा जहाजाचं तसं नव्हतं. टर्बाइनपासून पंख्यापर्यंतच्या एका ओळीत कुठंही बेअरिंग गेलं तर जहाज जागेवर उभं राहणार, आणि त्याच्या जिवावर निघालेला सगळा ताफा अडून बसणार. सगळ्यांना पुरवणाऱ्या या जहाजाचा स्वतःचा हिशेब असा काठावरचा.

मामा बॉयलर रूममध्ये होता. पंधरा वर्षांची नोकरी करून तो परत आला आणि चिकलठाण्यातल्या एका कारखान्यात बॉयलर अटेंडंट झाला. मराठवाड्यातले नौदलाचे कितीतरी निवृत्त लोक असेच एमआयडीसीच्या बॉयलरवर, जनरेटरवर, कंप्रेसरवर लागले. कारखान्याचं काम त्याला किरकोळ वाटत असणार, पण त्यानं ते जहाजावरच्यासारखंच केलं. सुट्टीच्या दिवशी मी त्याच्यासोबत जाऊन बसायचो. बॉयलरच्या अंगावर एक काचेची उभी नळी असते, आतलं पाणी किती ते दाखवणारी. मामा पाळीवर आला की चहाच्या आधी त्या नळीचे कॉक उघडून वाफेनं ती साफ करायचा. काच गाळानं तुंबली तर पाणी आहे असं दिसत राहतं आणि आत बॉयलर कोरडा पडतो. मग वही उघडायची. वाफेचा दाब, पाण्याची पातळी, फीड पंपाच्या बेअरिंगचं तापमान, चिमणीतून जाणाऱ्या धुराचं तापमान, वेळ आणि सही. त्याचं अक्षर फार सुंदर नव्हतं, पण आकडा खोडलेला मी पाहिला नाही. चुकला तर त्यावर एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता यायला हवा, शेजारी नवा लिहून पुन्हा सही करायची.

ही सवय शक्तीवरची. इंजिन रूमच्या रजिस्टरात दर तासाला अशाच नोंदी होत. त्यांतली एक त्याला सगळ्यांत महत्त्वाची वाटे, ती म्हणजे पाण्यातल्या मिठाची. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड होते, तिचं पुन्हा पाणी होतं आणि तेच पाणी बॉयलरला परत जातं. कंडेन्सर थंड ठेवायला त्याच्या शेकडो नळ्यांमधून समुद्राचं पाणी फिरवतात. एखाद्या नळीला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं तरी खारं पाणी आतल्या शुद्ध पाण्यात मिसळतं, आणि ते मीठ बॉयलरच्या पोलादाचा जीव घेतं. डोळ्यांना काही दिसत नाही, कानांना काही ऐकू येत नाही, फक्त रकान्यातला आकडा हळूहळू चढतो. मामा म्हणायचा, ‘‘अरे, पंप ओरडायला लागतो ना, त्याच्या कितीतरी आधी ते वहीत लिहून झालेलं असतं. कुणी वाचत नाही, एवढंच.’’

त्या वाक्यानं माझा इतिहास वाचायचा डोळा बदलला. जहाजाचा इतिहास म्हणजे त्यानं केलेल्या मोहिमा, अशी आपली समजूत असते. शक्तीच्या बाबतीतही तसं सांगता येईल. २००६ च्या उन्हाळ्यात लेबनॉनमध्ये बॉम्ब पडू लागले, तेव्हा मुंबई, बेतवा आणि ब्रह्मपुत्रा या युद्धनौकांनी ऑपरेशन सुकूनमध्ये बैरूतहून माणसं काढून सायप्रसला पोचवली. बावीसशेहून जास्त माणसं, आपली, आणि श्रीलंकेची, नेपाळचीही. त्या तीन युद्धनौकांबरोबर ही शक्ती होती. तेव्हा ती तीस वर्षांची झाली होती. पुढच्या वर्षी, २००७ च्या जुलैत, तिला निवृत्त केलं. मोहिमेचा इतिहास एवढाच. पण तीस वर्षांचं वाफेचं जहाज भूमध्य समुद्रात चालत होतं कशाच्या जोरावर, हा खरा इतिहास आहे. तो लहान, मध्यम, मोठ्या रिफिटच्या, म्हणजे गोदीतल्या दुरुस्तीच्या, याद्यांमध्ये आहे, कुठली कंडेन्सरची नळी कधी बदलली, कुठल्या पंपाची स्लीव्ह कुणी केली, त्या नोंदींमध्ये आहे.

त्यातली एक गोष्ट मला थक्क करते. शक्ती बांधणारी ब्रेमर वुल्कान ही १८९३ सालची गोदी १९९६ मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि १९९७ मध्ये बंद पडली. म्हणजे ज्यांनी हे जहाज बांधलं त्यांच्या दारात कुलूप लागलं, त्यानंतरही दहा वर्षं ते समुद्रावर होतं. पत्र टाकून पार्ट नंबर कळवावा तर पत्र घ्यायला कुणी नाही. नकाशे, साचे, जुने कारागीर, सगळे विखुरलेले. अशा वेळी जहाजाचा कारखाना जहाजाच्याच आसपास उभा करावा लागतो, गोदीतल्या वर्कशॉपमध्ये आणि गोदीबाहेरच्या गल्ल्यांमध्ये.

आपल्या नौदलाच्या भांडारांची अडचण तर तिपटीची होती. मुंबईतल्या माझगावात बांधलेल्या नौकांची घडण ब्रिटिश, मापं इंचात, काही आटे पंचावन्न अंशांचे. क्षेपणास्त्र नौका सोव्हिएत, त्यांचे नकाशे रशियन लिपीत आणि मानकं त्यांची स्वतःची. दीपक आणि शक्ती जर्मन, मिलिमीटरवाल्या, आटे साठ अंशांचे. दिसायला सारखेच वाटणारे दोन बोल्ट एकमेकांच्या नटात दोन फेरे जातात आणि अडकतात; जोर लावला तर दोन्ही बाद. घाटकोपरच्या नौदल भांडारात बसून या तीन दुनियांचे लाखो भाग क्रमांकानं ओळखणाऱ्या, योग्य जहाजाला योग्य वॉशर पोचवणाऱ्या माणसांना आजवर कुणी हार घातल्याचं मी पाहिलं नाही. माझ्या मते तेही लढतच होते.

मग १९९१ आलं. सोव्हिएत संघ फुटला आणि आपल्या निम्म्याहून जास्त यंत्रांचं माहेर एका रात्रीत अनेक देशांत वाटलं गेलं. जहाजांच्या गॅस टर्बाइनचा कारखाना मिकोलायिव्हला होता, तो युक्रेनमध्ये गेला. ज्या जहाजांत ती बसायची त्यांतली बरीच रशियन. पत्ते बदलले, चलन बदललं, ज्यांच्याशी व्यवहार होता ती खातीच उरली नाहीत. देशातच भाग करून घ्यायची जी धडपड आज मोठ्या शब्दांत सांगितली जाते, ती त्या काळात निकडीपोटी सुरू झाली. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध पेटलं आणि तीच खपली पुन्हा निघाली. मधल्या काळात पुरवठा जहाजंही बदलत होती. १९९६ साली जुनं दीपक गेलं आणि त्याच वर्षी जुलैत सेंट पीटर्सबर्गहून ज्योती आली. ते मुळात व्यापारी टँकर म्हणून बांधायला घेतलेलं जहाज, आपण विकत घेऊन नौदलाच्या कामाला लावलं. कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये बांधलेलं आदित्य १९८७ साली मागवलं होतं, ते नौदलात दाखल झालं २००० साली. २०११ मध्ये लिबियातून आपली माणसं आणायला जलाश्व आणि म्हैसूरसोबत ते गेलं. या सगळ्यांच्या पोटात दुसऱ्यांसाठीचं सामान असतं आणि त्यांचं स्वतःचं सामान कुणीतरी कुठेतरी घडवत असतं.

असं एक काम माझ्या टेबलावरही आलं होतं. मुंबईच्या एका मध्यस्थामार्फत आलं, जहाजाचं आहे एवढंच कळलं, जहाजाचं नाव नाही. गनमेटलची स्लीव्ह, समुद्राच्या पाण्याच्या पंपाची. शाफ्टवर ही नळकांडी चढवतात, म्हणजे पॅकिंगचं घर्षण शाफ्टला न होता हिला होतं. झिजायचं ते हिनं, आणि महागाची शाफ्ट वाचते. ड्रॉइंग नव्हतं. ‘सॅम्पलप्रमाणे’ एवढाच हुकूम.

सॅम्पलप्रमाणे करणं ऐकायला सोपं आहे. पण सॅम्पल झिजलेलं असतं म्हणून तर ते आपल्याकडे आलेलं असतं. ते जसंच्या तसं केलं तर आपण नवी कोरी झीज तयार करून देऊ. बाहेरच्या अंगावर पॅकिंगनं खोल चरे पाडले होते, तिथे मायक्रोमीटर लावण्यात अर्थ नव्हता. मी शोधली ती न झिजलेली जागा. एका टोकाला, कॉलरला लागून, बोटाच्या पेराएवढा पट्टा होता जिथे पॅकिंग कधी पोचलंच नव्हतं. तिथला पृष्ठभाग अजून गुळगुळीत, टूलच्या बारीक खुणांसकट. मूळ माप तिथे होतं. आतल्या बोअरचंही तसंच: मधला भाग गंजानं खाल्लेला, पण चावीच्या खाचेच्या कडेला शाफ्टशी बसणारी खरी गोलाई शिल्लक होती. मग आटे. गेज लावला तर साठ अंश आणि डावे. डावे का, याचा विचार केला तर पंपाची फिरण्याची दिशा कळली. शाफ्ट फिरताना नट आपोआप घट्ट व्हावा, सुटू नये, म्हणून कुणीतरी ते तसे पाडले होते. आणि कॉलरच्या मागे, काळ्या थराखाली, एक अक्षर पंच केलेलं निघालं. मूळ कारखान्याचं नव्हे, कारण ते हातानं मारलेलं, जरा तिरकं. म्हणजे माझ्या हातातलं सॅम्पलच मूळ नव्हतं. माझ्याआधी कुठल्यातरी गोदीतल्या टर्नरनं, त्याच्या हातातल्या झिजलेल्या सॅम्पलवरून, ते केलं होतं. त्यानंही अशीच न झिजलेली जागा शोधली असणार.

त्या माणसाबद्दल मला जे वाटलं ते नातेवाइकाबद्दल वाटावं तसं होतं. त्यानं माप अचूक ठेवलं होतं. त्याच्या कामावर किती तेल, किती पाणी, किती ताफे पुढे गेले, ते त्यालाही कळलं नसेल. मी केलेल्या स्लीव्हवर मीही त्याच जागी एक अक्षर पंच केलं, त्याच्या अक्षराच्या शेजारी जागा सुटेल अशा बेतानं, पुढच्या माणसाला क्रम कळावा म्हणून.

ड्रॉइंग नसताना सॅम्पलवरून घडवण्याची सर्वांत मोठी गोष्ट माझ्याच जिल्ह्यातून निघाली. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात भिंतीवर एक जहाज आहे, पाचव्या शतकातलं. सोपाऱ्याचा व्यापारी पूर्ण बौद्ध भिक्षू झाला, त्याच्या कथेतलं, वादळात सापडलेलं. मी ते लहानपणी शाळेच्या सहलीत पाहिलं असेल, पण नीट पाहिलं ते स्वतःचं वर्कशॉप काढल्यावर. तीन डोलकाठ्या, उंच अरुंद शिडं, नाळेवर रंगवलेला डोळा, मागच्या अंगाला सुकाणूची मोठी वल्ही. आणि छपराखाली ओळीनं मांडलेले मोठे घडे. मार्गदर्शक तो डोळा दाखवतात, शिडं दाखवतात. माझं लक्ष त्या घड्यांवर खिळून राहिलं. चित्रकाराच्या समोर वादळ होतं, प्रार्थना करणारा माणूस होता, पूर्णाचं धावून येणं होतं. तरीसुद्धा त्यानं पुरवठा काढला, एकेक घडा गोल करून. लांब पल्ल्याच्या जहाजाबद्दल खरं काय सांगायला हवं, ते त्याला ठाऊक होतं.

या चित्रावरून नौदलानं खरं जहाज बांधवून घेतलं. सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्याची होडी इनोव्हेशन्स यांच्यात २०२३ मध्ये करार झाला. केरळच्या कारागिरांनी, बाबू शंकरन यांच्या हाताखाली, फळ्या एकमेकींना काथ्याच्या दोरीनं शिवल्या. फळ्या जोडायला खिळा नाही. नकाशा तर नव्हताच, तेव्हा भिंतीवरच्या चपट्या चित्रातून लांबी-रुंदी, वजनाचा तोल, शिडाचा जोर हे सगळं ताडावं लागलं, मद्रास आयआयटीत प्रतिकृतीच्या चाचण्या करून तपासावं लागलं. २०२५ च्या मे महिन्यात कारवारला ते कौंडिण्य या नावानं नौदलात दाखल झालं आणि डिसेंबरच्या अखेरीस पोरबंदरहून मस्कतला निघालं. अजिंठ्याच्या भिंतीवरचा रंगही जागोजाग गेलेला आहे. तिथेही कुणीतरी न झिजलेली जागा शोधली, आणि तिथून माप घेतलं.

शिवलेल्या जहाजाची देखभाल लोखंडी जहाजाहून वेगळी. शिवण ढिली होते, दोर कुजतो, तो उसवून पुन्हा शिवायचा. पण म्हणूनच त्याचा सुटा भाग प्रत्येक बंदरात मिळे. नारळ आहे तिथे काथ्या आहे, काथ्या आहे तिथे जहाज दुरुस्त होतं. आपले पूर्वज याबाबतीत फार पुढचा विचार करणारे होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाबद्दल सूचना आहेत. सागासारखं लाकूड लागेल ते हुजुराची परवानगी घेऊन तोडावं, बाकीचं बाहेरून विकत आणावं. आंबा-फणसाचं लाकूड आरमाराच्या उपयोगाचं असलं तरी त्याला हात लावू नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली असतात. फारच जीर्ण झालेलं झाड असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावं. मी हे वाचतो तेव्हा मला त्यात सुट्या भागांच्या भांडाराचं धोरण दिसतं. जहाज आज बांधायचं, पण ते वीस वर्षं दुरुस्त होत राहायचं असेल तर रानात झाड उभं पाहिजे आणि ज्याच्या दारात ते आहे तो माणूस आपल्या बाजूचा पाहिजे.

जहाज संपतं ते सुटे भाग संपल्यावर. मग ते स्वतःच सुटे भाग होतं. निवृत्त जहाजाचे चालते पंप, झडपा, मोटारी काढून त्याच जातीच्या चालत्या जहाजाला देतात. उरतो तो सांगाडा, आणि तो भंगारात जातो. १९७१ च्या युद्धातली विमानवाहू विक्रांत अशीच २०१४ मध्ये मुंबईच्या दारूखान्यात तोडली गेली. तिचं काही पोलाद बजाजनं घेतलं आणि २०१६ साली व्ही नावाची मोटारसायकल काढली, टाकीच्या झाकणात विक्रांतचा धातू असलेली. बजाज १९८५ मध्ये वाळूजला आली आणि आमच्यासारख्या शेकडो लहान वर्कशॉपना तिच्यामुळे काम मिळालं, तेव्हा इथे त्या गाडीचं कौतुक जरा जास्तच झालं. माझ्या शेजारच्या दुकानातल्या पोरानं ती घेतली होती. लाल दिव्याला थांबला की झाकणावर हात ठेवायचा. मला ते मनापासून आवडलं. तरी वाटलं, विक्रांतच्या धातूला जी जागा मिळाली ती तिच्या इंजिन रूमच्या रजिस्टरांनाही मिळायला हवी होती.

माझी मागणी ही आहे, आणि ती मी गांभीर्यानं करतो. चालू जहाजांची माहिती गुप्त राहावी, ते रास्तच आहे. पण जी जहाजं भंगारात गेली त्यांच्या वह्या, दोषांच्या याद्या, रिफिटचे अहवाल एका ठिकाणी जपावेत आणि अभ्यासकांना, तंत्रनिकेतनांना, आमच्यासारख्यांना वाचायला द्यावेत. शक्तीच्या एकतीस वर्षांत कुठला भाग किती तास टिकला, कुठला पुन्हापुन्हा मोडला, देशी बनावटीचा कुठला जर्मन भागापेक्षा चांगला निघाला, हे ज्याला वाचता येईल तो पुढचं जहाज जास्त शहाणपणानं बांधेल. त्यासाठी लढाईची कुठलीही गुपितं उघडी करावी लागत नाहीत.

आणि पुढची जहाजं येऊ घातलीच आहेत. विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डशी २०२३ च्या ऑगस्टमध्ये पाच पुरवठा जहाजांचा करार झाला, प्रत्येक ४४,००० टनांचं, सगळी मिळून सुमारे १९,००० कोटी रुपयांची. पहिल्याचं पोलाद २०२४ च्या एप्रिलमध्ये कापलं गेलं. ही जहाजं देशात आखलेली, देशात बांधलेली. ती साठीच्या दशकात, म्हणजे २०६० नंतरही, चालत असतील. तेव्हा आज ज्या कंपन्या त्यांचे पंप आणि झडपा देत आहेत त्यांतल्या काही नसतील. ब्रेमर वुल्कानसारखी मातब्बर गोदी गेली, तिथे इतरांची काय हमी. म्हणून करारात जहाजाइतकंच त्याच्या ड्रॉइंगला महत्त्व हवं. कोइमतूरच्या किंवा चिकलठाण्याच्या लेथवाल्याला अस्सल माप मिळालं तर त्याला झिजलेल्या कॉलरमागे शोधत बसावं लागणार नाही. संरक्षण खात्यानं २०२० पासून देशात करून हवे असलेल्या भागांच्या याद्या सृजन या नावानं लहान उद्योगांपुढे मांडायला सुरुवात केली, हे चांगलं झालं. मी त्या वाचतो. कित्येक वस्तू आमच्या आवाक्यातल्या असतात. त्यांच्यापुढे मापं कमी आणि शब्द जास्त असतात, तेवढं सुधारायला हवं.

आमच्या दुकानात आता नियम केला आहे. सॅम्पल म्हणून जे येईल त्याचं काम करण्याआधी पूर्ण ड्रॉइंग काढायचं, झिजलेली मापं वेगळ्या रंगात, मूळ मापं वेगळ्या रंगात, धातू कुठला, आटे कुठले, आधीच्या कारागिराची काही खूण असेल तर तीही. हे काम आयटीआयतून आलेली एक मुलगी करते. तिचा हात स्वच्छ आहे आणि मामासारखीच ती चुकलेला आकडा खोडत नाही, त्यावर रेघ मारते. तिच्या नमुन्यात एक रकाना आहे: कुठल्या यंत्राचा भाग. कारखान्यांच्या कामात तो लगेच भरला जातो. जहाजाचं काम आलं की ती पेन थांबवून विचारते, ‘‘काका, इथे काय लिहू?’’ जहाज नोकरीत आहे तोवर तो रकाना कोरा राहील, हे मला मान्य आहे. ते निवृत्त झाल्यावर तरी कुणीतरी आम्हाला नाव कळवावं. आम्ही ते लिहून ठेवू.